आरशासाठी थांबलेली नदी

शंकेखोर : नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला काढलेले तुझे सगळे फोटो पाहून झाले. अंजनेरी वर, अंजनेरी खाली, मधे बारीक रेघ. सुरेख आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण पाहता पाहता एक गोष्ट खटकत गेली. या सगळ्यांत पाणी कुठे आहे? ज्या फोटोची सर्वांत जास्त वाहवा होते त्यात पाणी सर्वांत कमी दिसतं. वर कोणतं आणि खाली कोणतं हे कळेनासं झालं की लोक खूश. म्हणजे पाण्याने स्वतःला पुसून टाकायचं आणि डोंगराला जागा करून द्यायची, एवढंच काम तू त्याला दिलंस. दुसऱ्या एखाद्या मुलखात मी हे चालवून घेतलं असतं. पण आपल्याकडे 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येते, आणि मग कोणत्या धरणातून किती, यावर रण पेटतं. तू जिथे तिपाई रोवतोस तिथलं पाणी शहराच्या नळांचं आहे, द्राक्षबागांचं आहे, मराठवाड्याच्या हक्काचंही आहे. त्याच्यावर इतक्या जणांची नजर असताना तू त्याचा नुसता आरसा करून टाकतोस, हे मला पटत नाही.

हौशी : आरसा म्हणून तू मोकळा झालास, पण पाणी आरशासारखं वागत नाही, आणि म्हणून तर मी त्याच्या मागे लागलो. पाण्यातली अंजनेरी ही वरच्या अंजनेरीची नक्कल नसते. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे, तितकाच पाण्याखाली ठेवला असता तर त्याला जे दिसलं असतं, ते आपल्याला प्रतिबिंबात दिसतं. नांदूर मध्यमेश्वरला उथळ पाण्यात उभा असलेला राखी बगळा आठव. तू मनोऱ्यावरून त्याच्याकडे बघतोस तेव्हा तुला त्याची पाठ दिसते, पंखांचा करडा रंग दिसतो. त्याच क्षणी पाण्यात त्याचं पांढुरकं पोट दिसतं, चोचीची खालची कड दिसते, मांड्यांच्या आतली पिसं दिसतात. तुझ्या जागेवरून जे पाहणं शक्यच नव्हतं ते पाणी दाखवतं. संगणकावर वरचा बगळा उलटा करून खाली चिकटवणाऱ्याची लबाडी इथेच उघडी पडते, कारण त्याच्या पाण्यातही बगळ्याची पाठच येते.

दुसरी गोष्ट उजेडाची. पायाशी सरळ खाली पाहिलंस तर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम 2 टक्के परत येतो, बाकीचा आत शिरतो. म्हणून तळाचे गोटे दिसतात, शेवाळ दिसतं. नजर जसजशी लांब न्यावी तसतसा तळ बुजत जातो आणि आकाश उमटायला लागतं. लांबवर जवळजवळ सगळा उजेड पृष्ठभागावरूनच परत फिरतो. माझ्या मते चांगल्या फोटोत हे दोन्ही हवं: पायाशी गोटे, पुढे डोंगर, आणि मधला तो पट्टा जिथे गोटा संपतो कुठे आणि ढग सुरू होतो कुठे हे ठरवता येत नाही. तिथे पाणी पुसलं गेलेलं नाही. तिथे दुसरं काही नाहीच, नुसतं पाणी आहे. पोलरायझर फिरवून हा पट्टा थोडा मागेपुढे करता येतो. तो कुठे ठेवायचा, एवढा एक निर्णय माझा.

शंकेखोर : हे मला नवीन आहे आणि ते मी मानतो. पण तू पाण्याच्या पृष्ठभागाबद्दल बोललास, मी पाण्याबद्दल विचारत होतो. तो पृष्ठभाग इतका स्तब्ध का आहे, हे तू कधी विचारतोस का? रामकुंडापासून खाली गाडगे महाराज पुलापर्यंत हिवाळ्यानंतर चालत जा. नारोशंकराचं देऊळ, काठावरच्या ओवऱ्या, घाटाच्या पायऱ्या, सगळं पाण्यात स्वच्छ उतरलेलं असतं. फोटो काढणारे तेव्हाच येतात. ते पाणी स्तब्ध असतं कारण ते वाहत नसतं. वर धरण, मधे बंधारे, आवर्तन सुटलं तरच प्रवाह. सिंहस्थाच्या तयारीत पात्राचा तळ काँक्रीटने झाकला, जुनी कुंडं त्याखाली गाडली गेली. ते काँक्रीट काढा म्हणून लोकांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. जिवंत झरे बंद झालेली, अडवलेली, साचलेली नदी तुला उत्तम प्रतिबिंब देते. वाहती नदी देत नाही. तुझ्या छंदाला नदी थांबलेली लागते, आणि मला ती चालती हवी आहे. आपलं भांडण इथे आहे, डोंगराच्या उलट्या चित्रात नाही.

आणि आणखी एक. तुझ्याच हिशोबाने बोलतो. पाणी नितळ असेल तर तळ दिसतो आणि प्रतिबिंब फिकं पडतं. पाणी काळं असेल तर तळाकडून काही येत नाही, मग प्रतिबिंब गडद आणि ठसठशीत उमटतं. म्हणजे गटार मिसळलेलं काळपट पाणी तुझ्या कामाला जास्त चांगलं. तपोवनाच्या खाली उभा राहून बघ. वास फोटोत येत नाही.

हौशी : काळ्या पाण्याचं म्हणणं खरं आहे. ते मला कोणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि ते विसरता येणार नाही. पण थांबलेल्या नदीबद्दल तू घाई करतोस. प्रतिबिंब प्रवाहावर अवलंबून नसतं, पृष्ठभागाच्या उतारावर असतं. खोल डोहातून नदी संथ सरकत असते तेव्हाही तिचा माथा तुकतुकीत असू शकतो. पान टाकलंस तर ते वाहत जाईल आणि डोंगर जागचा हलणार नाही. गोदावरीला धरणं होण्याआधी डोह नव्हते का? उलट साचलेल्या तळ्यावर दुपारचा वारा सुटला की प्रतिबिंब संपलं. पहाटे मी जातो ते एवढ्यासाठी की रात्रभर जमीन गार होते, जमिनीलगतची हवा जड होऊन बसून राहते, वरचा वारा खाली पोचत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली, हवा घुसळली गेली की पाण्यावर शहारे. पहिल्या शहाऱ्यात डोंगर मोडत नाही, तो उभा ताणला जातो. प्रत्येक लहानशी लाट त्याचा एकेक तुकडा आपल्याकडे ओढून आणते. जलरंगात काम करणाऱ्यांना हे कधीपासून ठाऊक आहे. शिवाजी तुपे गोदाघाटावर बसून चित्रं करायचे. ओल्या कागदावर उभे फटकारे मारून पाण्यातली देवळं लांबवायची ही जलरंगातली जुनी रीत. ती नुसती शैली नाही, पाणी खरोखर तसंच वागतं.

शंकेखोर : तुप्यांचं नाव घेतलंस म्हणून विचारतो. घाटाच्या जलरंगात नुसती देवळं नसतात. माणसं असतात, धुणं असतं, छत्र्या, बाजार, ओल्या पायऱ्या. त्यांच्या गोदावरीला घाट लागतो, आणि घाटाला माणसं लागतात. तुझ्या फोटोत माणूस आला की तू थांबतोस, तो जाईपर्यंत. कोळ्याची होडी आली तर पाणी हललं म्हणून तुझं तोंड वाकडं होतं. आपल्याकडच्या निसर्गफोटोंत ही निर्मनुष्य शांतता कुठून आली? मला वाटतं ती बाहेरून आली आणि आपण तिलाच सौंदर्य समजून बसलो.

हौशी : बाहेरून आली असेल, पण ती जिथून आली तिथे तिने काय केलं तेही बघ. कार्लटन वॉटकिन्स नावाचा छायाचित्रकार 1861 मध्ये कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी खोऱ्यात खेचरांवर अवजड सामान लादून गेला. त्या काळी काचेवर ओला लेप चढवायचा, तो वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथेच तंबूत धुवायचा. त्याने तिथल्या कड्यांची पाण्यातली प्रतिबिंबं टिपली. ज्यांनी ते खोरं जन्मात पाहिलं नव्हतं अशा राजधानीतल्या लोकांपर्यंत ते फोटो गेले, आणि 1864 मध्ये अब्राहम लिंकनने सही केलेल्या कायद्याने ते खोरं सार्वजनिक म्हणून राखून ठेवलं गेलं. यादवी युद्ध ऐन भरात असताना! त्यामागे फक्त फोटो होते असं मी म्हणत नाही. पण त्यांचा वाटा होता, हे इतिहासकार मान्य करतात. सुंदर दाखवल्याशिवाय लोक जागा वाचवायला पुढे येत नाहीत. गोदावरीचा फेस, कचरा, पाणवेली यांचे फोटो वर्तमानपत्रांत नेहमी येतात. त्याने लोक हळहळतात आणि पान उलटतात. नदी काय असू शकते हे कोणीतरी दाखवायला नको का?

शंकेखोर : योसेमिटीचीच गोष्ट पुढे नेऊ. त्या खोऱ्यात अहवाहनीची लोक राहत होते. वॉटकिन्स पोचायच्या दहा वर्षं आधी, 1851 मध्ये, सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हुसकावलं. त्याच्या फोटोतली निर्मनुष्य शांतता अशी तयार झालेली आहे. आता योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातलंच शेजारचं हेच हेची नावाचं खोरं घे. ते सुंदर होतं, त्याचेही फोटो होते, त्यासाठी लोक भांडलेही; तरी सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवं म्हणून 1923 मध्ये तिथे धरण उभं राहिलं आणि खोरं बुडालं. आज त्या धरणाच्या पाण्यात कड्यांची सुंदर प्रतिबिंबं पडतात. पाहणाऱ्याला त्या आरशाखाली काय आहे ते कळत नाही. आणि योसेमिटीतलं मिरर लेक, ज्याचं नावच आरशावरून पडलं, ते गाळाने भरत चाललं होतं. माणसं कित्येक वर्षं त्यातली वाळू उपसून ते राखत होती. 1971 मध्ये उपसा थांबवला आणि आता ते उन्हाळ्यात आटतं, हळूहळू कुरण होतंय. तळ्याचं कुरण होणं हा त्या पाण्याचा स्वभाव होता. आरसा टिकावा ही हौस माणसाची.

आपल्याकडे याच्या उलट झालं, तेही सांगतो. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजी आमदानीत कालव्यांसाठी बांधला, पक्ष्यांसाठी नाही. गोदावरी आणि कादवेचा गाळ मागे साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं झाली, आणि पक्षी आले. जानेवारी 2020 मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. म्हणजे धरण म्हणून ते जसजसं निकामी होत गेलं, तसतसं पाणथळ म्हणून श्रीमंत होत गेलं. आणि त्याच फुगवट्यात वर चांदोरीला पात्रातली जुनी देवळं बुडून असतात. पाणी उतरलं की उघडी पडतात. तुझ्या बगळ्याच्या पोटाखाली हा सगळा हिशोब आहे. तो फोटोत कसा आणशील?

हौशी : सगळा हिशोब एका फोटोत येत नाही, लेखातही येत नाही. पण तू जे म्हणतोस त्यातलं काही प्रतिबिंबात आपोआप लिहिलं जातं, आणि ते मला त्याच जागेवर पुन्हा पुन्हा गेल्यामुळे दिसलं. बॅकवॉटरच्या पूर्वेकडच्या काठावर एक खडक आहे. सकाळचं ऊन समोर अंजनेरी आणि ब्रह्मगिरीवर पडतं, म्हणून मी तिथेच बसतो. पावसाळा संपताना पाणी खडकाला लागलेलं असतं. कॅमेरा पाण्यापासून हातभर उंच, आणि वरची अंजनेरी आणि पाण्यातली अंजनेरी जवळजवळ सारखी. मग हिवाळी आवर्तनं सुटतात, शहर रोज आपलं पाणी उचलतं, पातळी उतरत जाते. कॅमेरा त्याच खडकावर, म्हणजे पाण्यापासून तो उंच उंच होत जातो. आणि मघाचा नियम आठव: तो जितका वर, तितका पाण्यातला डोळा खाली. त्या खालच्या डोळ्याच्या आड समोरचा काठ येतो. वरचा डोंगर आहे तसाच दिसतो, पाण्यातला मात्र पायथ्याकडून कापला जातो. पाणी पाच मीटर उतरलं आणि डोंगर समोरच्या काठापेक्षा दहापट लांब असला, तर प्रतिबिंबातून डोंगराचा शंभरेक मीटरचा पायथा नाहीसा होतो. मार्चमध्ये माझ्या फोटोत पाण्यातली अंजनेरी बुटकी असते. पाण्यात हात न घालता मला धरणाची पातळी वाचता येते. वर्तमानपत्रात 5,630 दशलक्ष घनफुटांपैकी किती टक्के उरलं ते छापून येतं. माझ्याकडे तोच आकडा डोंगराच्या उंचीत आहे.

म्हणून मी म्हणतो, प्रतिबिंब पाण्याला पुसत नाही. ज्याला वाचता येतं त्याला ते पाण्याबद्दलच सांगतं.

शंकेखोर : हे मी आजवर ऐकलेलं तुझ्या बाजूचं सर्वांत चांगलं म्हणणं. आणि त्यातच माझी तक्रार अधिक पक्की होते, ती कशी ते ऐक. एकटा फोटो हे सांगत नाही. ऑक्टोबरचा आणि मार्चचा शेजारी ठेवले तरच सांगतात. तू दाखवतोस कोणता? ऑक्टोबरचा. भिंतीवर तो, दिनदर्शिकेवर तो, प्रदर्शनात तो. मार्चमधल्या फोटोत डोंगर आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचा तपकिरी पट्टा येतो, तो तुला कुरूप वाटतो. त्या पट्ट्यावर माणसं गाळपेर करतात. पाणी उतरेल तशी मागोमाग जमीन पेरत जातात; त्या जमिनीवर त्यांचा हक्क एका हंगामापुरता, आणि ज्यांची शेतं धरणात गेली त्यांच्याच घरातले कित्येक जण त्यात असतात. तुझं प्रतिबिंब जिथे तुटतं, नेमक्या तिथे माणूस सुरू होतो. आणि तू तिथे कॅमेरा बंद करतोस.

याच्यापुढचं टोक तर तुला आठवतच असेल. एप्रिल 2016. रामकुंड कोरडं पडलं. भाविकांसाठी टँकरने पाणी आणून ओतलं. त्या दिवसांत कुंडात प्रतिबिंब नव्हतं, म्हणजे तुझ्या कलेला बोलायला काही नव्हतं. जी कला पाणी असेल तरच बोलते, तिला पाण्याची साक्षीदार कसं म्हणू?

हौशी : कोरड्या कुंडाचा फोटो काढायला कलेची वेगळी गरज नाही, डोळे पुरेत, आणि तो अनेकांनी काढला. पण एक सांगतो. कोरडं कुंड पाहून ज्यांच्या पोटात खड्डा पडला, त्यांच्या डोळ्यांत भरलेलं कुंड होतं म्हणून पडला. ज्याने गोदावरीत देवळं उतरलेली कधी पाहिलीच नाहीत त्याला तो नुसता खड्डा. भरलेल्याची आठवण कोणीतरी सांभाळावी लागते. मार्चचे फोटो मी दाखवत नाही, हे खरं. त्यांना मी अभ्यास म्हणत आलो, चित्र नाही. तो फरक आता मला तितका सरळ वाटत नाही. पण तो पार पुसून टाकायलाही मी तयार नाही. पातळी मोजायचीच असेल तर धरणावर मोजपट्टी आहे. मी तिथे मोजायला जात नाही. मी जातो कारण एका विशिष्ट घटकेला डोंगर, हवा आणि पाणी यांचं जमतं, आणि ते पाहायला कोणीतरी हजर असावं असं मला मनापासून वाटतं. या ओढीचं समर्थन मागितलंस तर माझ्याकडे नाही. ती उपयोगी पडली तर आनंदच आहे, पण उपयोगासाठी ती नाही.

शंकेखोर : तिथे मी तुला अडवत नाही. मलाही ती घटका हवी असते, नाहीतर मी घाटावर गेलोच नसतो. माझं म्हणणं एवढंच की ती घटका आता फुकट मिळत नाही. कोणीतरी गेट बंद केलं तेव्हा पाणी थांबलं, आणि कोणीतरी गेट उघडेल तेव्हा रामकुंड भरेल. 2015 च्या सिंहस्थात शाहीस्नानासाठी धरणातून पाणी सोडण्यावरून न्यायालयात वाद झाला, कारण ते पिण्याचं पाणी होतं. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे, 2027 मध्ये पुन्हा पर्वण्या येतील. पुन्हा पाणी सुटेल, पात्र भरेल, दिव्यांनी उजळलेली देवळं पाण्यात उतरतील, आणि लाखो मोबाइल एकाच वेळी वर होतील. त्या पाण्याचा तो तुकडा कोणाच्या वाट्यातून आला, हे त्यातल्या एकाही फोटोत नसेल. तू तरी वेगळं काय करणार?

हौशी : मी एक जागा धरीन आणि पाणी सुटायच्या आधी, असताना आणि ओसरल्यावर तिथूनच फोटो घेईन. तीन फोटो एकत्रच दाखवीन, सुटा एकही देणार नाही. जागा मात्र तू सुचव. तुला घाटाची प्रत्येक मोरी ठाऊक आहे, कुठून काय येऊन मिळतं ते ठाऊक आहे. मला पहाट आणि वारा कळतो. घाट तुझ्याइतका कळत नाही.

शंकेखोर : जागा दाखवतो. दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे आहे, पुराचं पाणी त्याच्या कुठवर आलं ते जिथून सारं गाव बघतं तिथूनच जवळ. पण माझी अट आहे: चौकटीत काठ आला पाहिजे. सांडपाण्याची ओघळ, निर्माल्य, अडकलेली पाणवेल, जे असेल ते. काठ कापायचा नाही.

हौशी : ही अट मी घेणार नाही. काठ ठेवावासा वाटला तर ठेवीन, आणि आजच्या बोलण्यानंतर बहुधा वाटेल. पण घरातून ठरवून निघालो तर तिथे मला ओघळच दिसेल आणि नदी दिसायची राहील. तुझी तक्रार हीच होती ना, की मी आधी ठरवलेलं चित्र पाण्यावर लादतो? मग तुझं ठरलेलं चित्रही मी का लादावं?

शंकेखोर : कारण न लादता तू काठ इतकी वर्षं कापत आलास. मोकळं सोडलं की डोळा सवयीकडेच वळतो. मी तिथे तुझ्या शेजारी उभा राहीन, आणि तू कापायला लागलास की बोलेन.

हौशी : बोल. पण वारा पडलेला असेल तेव्हा थोडं हळू.